एझराचा झाकलेला दगड

आमच्या बेटावर आम्ही वर्षभर वाटच बघत असतो. मालाच्या बोटीची, डॉक्टरच्या विमानाची, समुद्राला थोपवणाऱ्या सरकारी भिंतीची. त्यामुळे नाताळआधीच्या चार आठवड्यांत, आगमनकाळात, फादर इसाया ‘धीरानं वाट पाहायला शिका’ असा उपदेश करतात तेव्हा मला हसू येतं. आम्हाला काय शिकवता? त्या वर्षी मात्र हसू आलं नाही. प्रभूच्या आधी समुद्रच येणार, असं दिसत होतं.

माझा भाऊ एझरा दफनभूमीत किनाऱ्याकडच्या पहिल्याच ओळीत होता, बाबा त्याच्या मागच्या ओळीत. आईनं तीन वर्षं राबून त्याच्यासाठी मुख्य भूमीवरच्या केर्न्स शहरातून काळा दगड आणवला होता. तो थडग्यावर उभा होता, फुलाफुलांच्या कापडात गच्च गुंडाळलेला. नाताळच्या दुसऱ्या दिवशी कापड काढायचं, नाव वाचायचं, मग जेवण आणि नाच. दगड उघडेपर्यंत मेलेला माणूस शांत होत नाही, इथंच कुठंतरी घुटमळत राहतो. आम्ही हे मानतो. फादरही मानतात, फक्त बोलत नाहीत.

मयताच्या कामाला घरच्यांनी हात लावायचा नसतो. ते काम सोयऱ्यांचं. त्यांना आम्ही मारीगेथ म्हणतो, म्हणजे मेलेल्याचे हात. एकदा काम हाती घेतलं की घरातलं मोठं माणूस ‘पुरे’ म्हणेपर्यंत ते सोडत नाहीत. एझराचा मारीगेथ होता ओबेद, एझराच्या बायकोचा, लुइझावहिनीचा भाऊ. दोघं ज्या डिंगीतून, छोट्या होडीतून, गेले आणि जिचं इंजिन भर समुद्रात बंद पडलं ती ओबेदची. ओबेद पोहत परत आला, एझराचं प्रेतच किनाऱ्याला लागलं. त्या दिवसापासून आई ओबेदशी एक शब्द बोलली नव्हती.

आगमनकाळात चर्चमध्ये दर रविवारी एक मेणबत्ती लावतात. पहिल्या रविवारी आशेची लागली आणि त्याच आठवड्यात वारा फिरून वायव्येचा कुकी, पावसाळी वादळी वारा, सुरू झाला. दफनभूमीपुढचं जुनं बदामाचं झाड आडवं झालं. आई ते बघून आली आणि नारळ खोवत बसली.

दुसरा रविवार शांतीचा. उपासनेत सगळे एकमेकांचा हात हातात घेऊन ‘शांती असो’ म्हणत होते. ओबेद आईसमोर येऊन उभा राहिला, हात पुढे करून. आईनं गीतांचं पुस्तक उघडलं आणि नाकापुढे धरलं. पुस्तक उलटं होतं. ओबेद मागच्या बाकावर जाऊन बसला. मला आईचा असा राग आला की सांगता सोय नाही.

“हात तरी द्यायचास,” मी वाटेत म्हणाले.

“हात माझा आहे, काला.”

“मेणबत्ती कशाला लावलीस मग शांतीची?”

“फादरनी काडेपेटी दिली म्हणून. तू उपदेशाला उभी राहतेस का पुढच्या रविवारी?”

तिसऱ्या आठवड्यात ओबेद सोयऱ्यांना घेऊन आला आणि थडग्यापुढे वाळूच्या पिशव्यांची भिंत रचू लागला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. आई लांब चटई टाकून बसायची. पुरुष चेष्टा करत काम करायचे.

“एझरा, जिवंतपणी कधी फावडं धरलं नाहीस. आता आम्हाला राबवून घे लेका,” एकजण म्हणाला. आई हसली, पण ओबेद हसला तशी तिनं तोंड फिरवलं.

संध्याकाळी आई मला म्हणाली, “त्याला सांग, डावी बाजू कच्ची आहे.”

“तूच सांग. दहा पावलांवर आहे तो.”

आईनं सांगितलं नाही. मी सांगितलं, पण तोवर वाळू संपली होती आणि डावी बाजू तशीच राहिली. चौथ्या रविवारी चर्चच्या पायरीपर्यंत पाणी आलं. फादर प्रीतीवर बोलत होते आणि आम्ही सगळे दाराकडे बघत होतो. मला भीती वाटत होती, प्रार्थना करूनही ती जाईना.

नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी मोठी भरती आली. आम्ही धावत पोचलो तेव्हा डावी बाजू कोसळली होती आणि थडग्याखालची वाळू वाहून चालली होती. दगड समुद्राकडे कलला होता. ओबेद छातीभर पाण्यात उतरून त्याला पाठ लावून उभा होता. बाकीचे दोर घेऊन जवळ जायला बघत होते, पण प्रत्येक लाट त्यांना मागे ढकलत होती.

“सोड रे,” फादर ओरडले. “पुरे झालं.”

ओबेदनं ऐकलंच नाही. फादर घरचे नव्हते.

“ओबेद, पुरे,” मी म्हणाले.

“तू नाही, काला. तुझ्या आईनं म्हणायचं.”

लुइझावहिनी आईपुढे वाळूत बसली. “नवरा दिला समुद्राला. आता भाऊही देऊ? आई, एक शब्द बोला.”

आई दगडाकडे बघत होती. मला कळत होतं तिच्या मनात काय चाललंय. तो दगड गेला की एझरा कायमचा घुटमळत राहणार. एक लाट ओबेदच्या डोक्यावरून गेली. तो पुन्हा दिसला तेव्हाही पाठ दगडालाच होती, आणि दगड आणखी कलला होता.

आई चालत पाण्यात गेली, कमरेपर्यंत.

“ओबेद,” ती म्हणाली. “पुरे. सोड त्याला. बाहेर ये, पोरा.”

तो बाजूला झाला. दगड त्याच जागी आडवा पडला, आणि पाण्यानं ओढून कापड सुटलं. फुलाफुलांचं कापड लांब जाताना दिसलं. काळ्या दगडावर एझराचं नाव होतं. आईनं ते मोठ्यानं वाचलं. पुढच्या लाटेनं सगळं खाली नेलं. आईनं ओबेदचा हात धरला आणि त्याला काठावर आणलं. त्याची पाठ सोलून निघाली होती. आम्ही सगळे रडत होतो, ती नाही.

नाताळच्या उपासनेला तो आईशेजारी बसला. ‘शांती असो’ म्हणायची वेळ आली तेव्हा आईनं त्याचा हात घेतला आणि सोडलाच नाही. फादरनी ‘शांतीने जा’ म्हटलं तेव्हा दाराच्या आत पाणी होतं. आईनं चपला काढून काखेत धरल्या.

“पहिली ओळ गेली,” ती ओबेदला म्हणाली. “आता माझ्या नवऱ्याची ओळ पुढे आहे. पिशव्या कधी भरायला घेतोस?”

“उद्याच, मावशी.”

“मी रोज येऊन बसेन. आणि पुरे म्हटलं की तिथल्या तिथं सोडायचं. वाद घालायचा नाही.”

“नाही घालणार.”

“चल मग, जेवायला,” आई म्हणाली, आणि त्याचा हात धरून पाण्यात उतरली.