तीर्थप्रसादाला यावे

चारुदत्त आणि वसुंधरा परदेशात, बाकूच्या टूरला निघाले, तेव्हा खांदा कॉलनीतल्या मेडिकलमधले मास्क संपले होते. आमच्या समोरच्याच फ्लॅटमधलं हे जोडपं. मी दारात उभी राहून म्हटलं, "अगं, आत्ता नका जाऊ. टीव्हीवर काय सांगतायत बघ तरी." वसुंधरा बॅगेची चेन ओढत हसली. "शशीताई, तुम्ही फारच घाबरता बाई! आपल्या लोकांची इम्युनिटी भारी असते."

मग विमानं बंद झाली आणि ती भारी इम्युनिटी हॉटेलच्या खोलीत अडकली. रोज एक व्हिडिओ यायचा. सरकारने आम्हाला वाऱ्यावर सोडलं, दूतावासात कुणी फोन उचलत नाही, चहाला धड दूध मिळत नाही. सोसायटीच्या ग्रुपवर नुसते हात जोडलेले इमोजी. आमचे हे, कमळाकर, मुळातच हळवे. कळंबोलीच्या लोखंड बाजारात उभा जन्म काढला, तिथल्या धुळीने छाती कायमची धरली. पंप घेतल्याशिवाय जिना चढवत नाही, पण मंत्र्यांना मेल पाठवत बसायचे. माझा नुसता संताप व्हायचा. जायचं स्वतःच्या हौसेने आणि आणायचं कुणी, तर अख्ख्या देशाने!

आणलं एकदाचं. सक्तीच्या क्वारंटाइनचे दिवस इथल्या हॉटेलात काढून दोघं घरी आली, ती हातावर होम क्वारंटाइनचा शिक्का घेऊन. आणखी आठवडाभर घराबाहेर पडायचं नाही, घरात कुणाला घ्यायचं नाही. दुसऱ्याच दिवशी ग्रुपवर मेसेज आला, 'सुखरूप परतल्याबद्दल श्रीसत्यनारायण. सर्वांनी तीर्थप्रसादाला यावे.' गुरुजी हुशार निघाले, त्यांनी कथा व्हिडिओ कॉलवरून सांगितली. मी ह्यांना बजावलं, "उंबरा ओलांडायचा नाही. तुमची छाती काय आहे ते मला माहीत आहे." ह्यांनी मान डोलावली आणि टीव्ही लावला. मी जरा आडवी झाले.

संध्याकाळी बेल वाजली. दारात चारुदत्त, हातात शिऱ्याचा द्रोण, मास्क हनुवटीवर. हातावरचा शिक्का लिंबाने घासून घासून पुसट केलेला, कातडं लाल झालेलं.

"वहिनी, तुम्ही आला नाहीत. म्हटलं, प्रसाद चुकायला नको."

मला शिसारी आली. त्या हाताची, त्या हसण्याची, शिऱ्यातल्या केळ्याच्या वासाचीसुद्धा. मी चतुर्थी करते, गुरुवार करते. प्रसादाचा कण सांडला तर उचलून कपाळाला लावते. पण तो द्रोण मी घेतला आणि त्याच्यादेखत कचऱ्याच्या डब्यात उपडा केला.

समोरच्या दारातून वसुंधरा किंचाळली, "ताई! देवाचा प्रसाद आहे तो!"

"देव त्याचं बघून घेईल. ह्यांना काही झालं तर कोण बघणार? तुम्ही?"

चारुदत्त गोंधळून माझ्या खांद्यावरून आत बघू लागला. "पण वहिनी, कमळाकरराव तर दुपारी आरतीला होते. तुम्ही झोपला होतात म्हणाले. पहिला प्रसाद त्यांनीच घेतला. आवडला म्हणून पुन्हा मागून घेतला."

मी दार लावून वळले. हे रिमोटकडे बघत बसले होते. शर्टावर तुपाचा डाग.

"वाईट दिसतं गं," हे म्हणाले. "एवढ्या संकटातून सुटून आली बिचारी. बोलावल्यावर नाही कसं म्हणायचं?"

वाईट दिसतं! श्वास बंद पडला तरी चालेल, पण शेजाऱ्यांत वाईट दिसायला नको. ह्यांचं पांघरूण, तांब्या, पंप, सगळं मी आतल्या खोलीत नेऊन ठेवलं आणि बोटाने दार दाखवलं. हे निमूट आत गेले. थोड्या वेळाने दारापलीकडून आवाज आला, अगदी बारीक.

"शशी, मला काही होणार नाही ना गं?"

मला ह्यांची दया यायला हवी होती. इतक्या वर्षांचा संसार आहे. पण घशाशी आली ती किळसच, आणि तिच्यामागून भीती. ह्यांच्याशिवाय मला आहे कोण?

"ते आता तुमच्या सत्यनारायणाला विचारा," मी म्हटलं आणि बाहेरून कडी घातली.