मोठा दिवा आधी विझतो

वायरमनने ड्रॉइंग उलटं धरून पाहिलं, सुलटं धरून पाहिलं, तरी चूक तिथेच होती. विज्ञान केंद्राच्या भिंतीवर तीन तारे म्हणून तीन दिवे बसवायचे होते: मोठा, मधला, बारका. तिन्ही एकदम पेटणार, पण मोठा सगळ्यांत आधी विझणार आणि बारका शेवटपर्यंत तेवणार, असं त्या कागदाचं म्हणणं. टाकी मोठी असली की पाणी जास्त पुरतं, हे शेंबडं पोरही सांगेल! वायरमनने स्वतःची अक्कल पाजळून टायमरच्या वायरी बदलून टाकल्या.

दुपारी केंद्राच्या मॅडमनी बटण दाबलं आणि कपाळाला हात लावला.

"दादा, मोठा तारा आधी संपतो."

"पण त्याच्यात माल जास्त ना?"

"माल जास्त, पण खर्च त्याहून कितीतरी जास्त. स्वतःच्याच वजनाने आतून दाबला जातो, तापतो आणि भसाभस जळतो. बारका बेताने जळतो, म्हणून टिकतो."

"मोठा तर चांगला धडधाकट दिसतो."

"जळतोय म्हणून तर झगमगतोय."

वायरमनने मान डोलावली. कळलं मात्र काडीचंही नाही. वायरी पुन्हा जागेवर लावताना तो आपला पुटपुटतच होता.

संध्याकाळी त्याला आईला ताईकडे कायमचं पोचवायचं होतं. आईला आता उठायला-बसायलाही माणूस लागे. "ताईला काय धाड भरलीय, ती सगळ्यांना पुरून उरेल," असं तो बायकोला म्हणाला होता. सुटल्यासारखं वाटत होतं आणि त्याची लाजही वाटत होती.

ताईच्या घराखाली आईला गाडीतच बसवून तो तिची बॅग घेऊन वर गेला. ताई हसतच दारात आली. मागे लोकांच्या इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग, आतल्या खोलीतून अंथरुणाला खिळलेल्या भाऊजींची हाक. "आले हो!" म्हणत तिने एका हाताने बॅग ओढून घेतली, आणि क्षणभर चौकटीला टेकून डोळे मिटले.

"काय झालं गं?"

"मला काय होतंय?" ती पुन्हा हसली.

वायरमन गोंधळून तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने बॅग परत घेतली.

"आई माझ्याकडेच राहील."

"अरे, पण का? बायको काय म्हणेल?"

"तिला मी सांगतो. ते तारे असतात ना... मोठ्यात माल जास्त, पण..." त्याचं बोलणं तिथेच अडलं. "ताई, मला धड कळलेलं नाही. तू जरा बस."

ताईलाही काही कळलं नाही, पण ती बसली. त्याने इस्त्रीचं बटण बंद केलं आणि भाऊजींना पाणी द्यायला आत गेला. तो बाहेर आला तरी ताई उठली नव्हती.