चार बोटं माया

धाकट्या सुनेला कापडाची कदर नाही, हे कात्रीबाई ऐकेल त्याला सांगत. न ऐकेल त्याला दोनदा. शिवणीच्या आत जे जादा कापड दाबून ठेवतात त्याला शिवणारे माया म्हणतात, आणि माया बोटभर पुरते हे शेंबडं पोरही सांगेल. पण खालची पट्टी घालायचं काम या बयेचं, आणि ती तिथे चार बोटं माया ठेवायची, तीही दुहेरी दुमडून. सांगून झालं, ओरडून झालं, एकदा तर समोर बसवून उसवायला लावून झालं. ती मान डोलवायची आणि पुढच्या नगाला पुन्हा चार बोटं.

तिच्या माहेरी शाळेतल्या पोरांचे कपडे शिवत. पोर वाढलं की पट्टी उसवायची आणि झगा लांब करायचा, त्यामुळे हात तसाच बसलेला. “अगं, आपण टाइपरायटरची कव्हरं शिवतो,” कात्रीबाई म्हणायच्या. “टाइपरायटर काय पुढच्या वर्षी उंच होणार आहे?” शिवणघरातल्या दोघी कामकरी बायका तोंडाला हात लावून खुसखुसत. धाकटी सुईत दोरा ओवत राही.

शिवणघर म्हणजे घराची पुढची खोली. चार मशीनं, आणि कापड बेतायला जुनं दार आडवं टाकून केलेलं टेबल. कात्रीबाईंच्या गळ्यात दोरीला कात्री लोंबायची आणि जीभही त्याच पोलादाची, म्हणून गल्लीने ते नाव ठेवलेलं. दुसरीत शाळा सुटली तेव्हापासून वीत आणि बोटं एवढंच त्यांचं गणित. नवरा गेला त्या वर्षी त्या खिडकीजवळच्या मशीनवर बसल्या, आणि तिघा पोरांना त्या पायपट्टीवर मोठं केलं.

थोरल्या मुलाचा डोळा त्या खोलीवर होता. तिथे पंखे-इस्त्रीचं दुकान टाकायचं त्याच्या मनात. आता कव्हरं कोण घेतंय, नवीन यंत्रं येतायत, असं तो जेवताना पुटपुटायचा. तेवढ्यात मोठ्या कचेरीकडून एकशे वीस टाइपरायटरच्या कव्हरांची ऑर्डर आली आणि कात्रीबाईंना चेव चढला. सगळ्यांच्या देखत त्यांनी थोरल्याला सांगितलं, “हा माल परत आला, तर माझ्या मशीनचा पट्टा मीच काढून तुझ्या हातात देईन. मग टांग तुझे पंखे.”

बोलल्या खऱ्या, पण त्याआधी त्यांनी नव्या यंत्रांचं जावयाला विचारून घेतलं होतं. जावई त्याच कचेरीत हेडक्लार्क. तिथे एक संगणक आला होता. त्याला वेगळी गार खोली, आणि आत जाणाऱ्याने चपला बाहेर काढायच्या. जावईबापूंनी पाय पसरून निर्वाळा दिला होता, “आई, गावात मनोऱ्यावरचं घड्याळ एकच असतं ना? तसंच हे. अख्ख्या गावाला एक पुरे. फार तर बँकेला दुसरा, आणि इस्पितळाला हौस आली तर तिसरा. चौथा आला तर मी कामावरून नाव काढून घेईन.” दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर कात्रीबाईंनी उलटतपासणी घेतली असती. पण जावयाचा शब्द, तो कसा खोडायचा? उलट त्यांनीच तो गल्लीभर स्वतःचा म्हणून फिरवला.

एकशे अठरा कव्हरं घड्या घालून तयार होती त्या दुपारी जावई आला. नेहमीची खुर्ची सोडून दारालगतच्या बाकावर टेकला. 

त्याने चाचरत सांगितलं ते असं. कचेरीत त्या दिवशी साठ संगणक उतरले होते. गार खोलीतलं ते धूड नव्हे, टेबलावर मावतील असे. उरलेले महिनाभरात येणार, माणशी एक. टाइपरायटर सगळे माळ्यावर. सामानखात्याचे साहेब म्हणत होते, आम्हाला नव्या यंत्रांच्या मापाची कव्हरं सोमवारपर्यंत देत असाल तर ठीक, नाहीतर हा माल ठेवा तुमच्याकडे.

सोमवारला चार दिवस होते. वर्षभराचं कापड त्या एकशे वीस कव्हरांत गेलेलं, ठाणावर हातभर तुकडा उरला नव्हता. थोरला दारात येऊन उभा होता.  कात्रीबाईंचा हात आपसूक मशीनच्या चाकाकडे गेला आणि बोटांनी पट्टा चाचपला. चामडं ऊन होतं. सकाळपासून मशीन चाललेलं.

मग त्या उठल्या. “बघू तरी, कोण एवढा राजा आलाय,” म्हणत वरचं एक कव्हर काखेत मारलं, धाकटीला चल म्हटलं आणि जावयाला पुढे घातलं.

कचेरीत खोकी रचलेली होती. एक यंत्र उघडून टेबलावर मांडलेलं, काचेच्या तोंडाचं. सामानखात्याचे साहेब उभे होते, हाताची घडी घालून. कात्रीबाईंनी विचारपूस न करता वीत टाकली. रुंदीला कव्हर मोठं होतं. त्याचं काही नाही, आत घेता येतं. उंचीने मात्र जीव काढला. कव्हर चढवलं तर ते यंत्राच्या अर्ध्यावर येऊन थांबलं, पोराचा सदरा बेंबीच्या वर राहावा तसं. एक कारकून फिसकन हसला. साहेबांनी घड्याळात पाहिलं.

कात्रीबाईंचे कान तापले. कापड ओढून वाढत नाही, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. पट्टा काढून थोरल्याच्या हातात ठेवताना आपण काय बोलायचं, ते शब्दसुद्धा त्यांनी मनात जुळवायला घेतले. रडायचं नाही, एवढं पक्कं.

“आई, जरा कात्री देता?” धाकटी म्हणाली.

कात्रीबाईंच्या गळ्यातली कात्री आजवर दुसऱ्या कुणाच्या हाती गेली नव्हती. त्यांनी ती काढून दिली, का ते त्यांना कळलं नाही. धाकटीने कव्हर उतरवलं, उलटं केलं, पट्टीचा टाका उचलला आणि सर्रकन दोरा ओढला. पहिली दुमड सुटली. चार बोटं. मग तिने दुसरी सोडली. पुन्हा चार. कापड झटकलं आणि यंत्रावर घातलं.

ते थेट टेबलाला टेकलं.

 कात्रीबाईंनी इतका मोठा श्वास सोडला की टेबलावरचा कागद हलला.  त्या न विचारता साहेबांच्या खुर्चीत बसल्या.

साहेबांनी वाकून पाहिलं आणि बोट दाखवलं. जिथे आधीची शिवण होती तिथे सुईच्या भोकांची रांग दिसत होती, ती बरी दिसत नाही म्हणाले. कात्रीबाई खुर्चीतून उठल्यादेखील नाहीत. “तिथे वरून लाल कापडाचा गोट लागणार आहे,” त्यांनी ठणकावलं. “आम्ही काय तशीच देऊ?” गोटाचा विचार त्यांच्या डोक्यात त्या क्षणीच आला होता. साहेबांना तो फार आवडला. साठ सोमवारी आणा, उरलेली यंत्रं येतील तशी, असं ठरलं.

परत येताना वाटेत चौघी-पाचजणी ओळखीच्या भेटल्या आणि कात्रीबाईंनी प्रत्येकीशी थांबून बोलून घेतलं. एरवी त्या वाटेत थांबत नसत. घरी थोरल्याने पाणी पुढे केलं आणि हळूच विचारलं, मग पट्ट्याचं काय? त्यावर त्या म्हणाल्या, तेल आण, पट्टा कोरडा पडलाय. तो हसला आणि खरंच तेलाची कुपी शोधायला गेला. बहुतेक त्याचाही जीव भांड्यात पडला होता. आईच्या हातून तो पट्टा घ्यायची त्याचीही छाती नव्हती.

दोघी बायका साइडच्या शिवणी आत घ्यायला बसल्या. धाकटी पट्ट्या उसवत होती, एकामागून एक, आणि खाली दोऱ्यांचा गुंता वाढत होता. वाटेत घेतलेलं गोटाचं लाल कापड कात्रीबाई स्वतः तिरकं कापत होत्या.

जावयाला एव्हाना चहा मिळाला होता, त्यामुळे कंठ फुटला. तो पुन्हा खुर्चीत आला. कचेऱ्यांचं आपलं थोडं चुकलं म्हणाला, ते मान्य. पण आता लिहून घ्या, हे यंत्र कचेरीच्या उंबऱ्याबाहेर यायचं नाही. “घरात कोण घेईल, आई? घरात त्याचं काय काम?”

कात्रीबाईंची कात्री थांबली. त्यांनी जावयाकडे नीट पाहून घेतलं. जावई होता, म्हणून त्याला काही बोलल्या नाहीत. मग वळून धाकटीच्या हातातलं कव्हर ओढून घेतलं, सुटलेल्या पट्टीवर आपली चार बोटं ठेवून पाहिली आणि ते तिच्या मांडीवर परत टाकलं.

“चार बोटं माया सोडतेस, हे तुझं चूकच आहे,” त्या म्हणाल्या. “इथून पुढे पाच सोडायची.”