दिराकडे शिष्टमंडळ

बाई आमदाराच्या सख्ख्या वहिनी, तेव्हा शिक्षक संघटनेत दुसऱ्या कुणाचं नाव निघायचा प्रश्नच नव्हता.

"आता तुम्हीच, बाई," अध्यक्ष म्हणाले. "निवेदनं झाली, मोर्चे झाले, उपोषणही झालं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी!"

कमी पटाच्या शाळा बंद करायचं विधेयक त्याच दुपारी मतदानाला येणार होतं.

बाईंनी दिराकडे काही मागायला आजवर कधी तोंड उघडलं नव्हतं. सासूबाई गेल्या तेव्हा तो अजून शाळेतही जात नव्हता. त्याला अक्षरं त्यांनीच गिरवायला लावली, तापात उशाशी त्याच बसल्या. निघताना नवरा एवढंच म्हणाला, "भाऊ माझाच आहे, पण आता तो पक्षाचाही आहे. फार आशा धरू नकोस."

विधानभवनात आमदारांच्या दालनाबाहेर बाकावर त्यांच्या शेजारी डोंगरावरच्या शाळेचे मास्तर बसले होते. ती शाळा बंद झाली तर मुलांना जंगलातून खाली उतरावं लागणार होतं. मास्तर सकाळपासून एकच सांगत होते, "माझ्या वर्गातली एक मुलगी आत्ता कुठं वाचायला लागलीय हो. आता नाही थांबवता येत तिला."

आत बोलावलं ते एकट्या बाईंना.

"बस, वहिनी. चहा सांगू?"

"चहा नको. आज हात वर करू नकोस, एवढंच."

"ते माझ्या हातात नाही गं."

"हात तर तुझाच ना?"

तो हसला, पण ते हसू लगेच विरलं. "पक्षाचा आदेश आहे. मोडला तर पुढच्या वेळी तिकीट विसरायचं." मग खुर्ची ओढून जवळ आला. "तुझ्या शाळेची काळजी करू नकोस. ती मी कालच यादीतून वगळून घेतली. बाहेर बोलू नकोस फक्त."

बाईंना आधी हायसं वाटलं. खरंच वाटलं. आणि दुसऱ्याच क्षणी त्याची इतकी लाज वाटली, की कानशिलं तापली.

"मग माझी जाऊ दे," त्या म्हणाल्या. "माझ्या मुलांना दोन गल्ल्या ओलांडल्या की दुसरी शाळा आहे. माझ्या बदल्यात ती डोंगरावरची ठेव."

"ती माझ्या मतदारसंघात नाही, वहिनी."

"ज्याच्या आहे त्याच्याशी बोल. माझ्यासाठी म्हणून बोल."

"वेळ गेली आता."

बाई उठल्या आणि काही कळायच्या आत खाली वाकल्या. ज्याला कडेवर घेऊन वाढवलं, त्याच्या पायांकडे त्यांचे हात गेले. तो चटका बसल्यासारखा मागे सरला. "वहिनी! अगं, काय करतेस हे! हे पाप मला कुठं फेडायला लावतेस!" त्याने त्यांना दंडाला धरून उठवलं. त्याचे डोळे भरले होते. तेवढ्यात मतदानाची घंटा झाली आणि डोळे पुसत तो निघून गेला.

प्रेक्षकांच्या सज्जातून त्यांनी पाहिलं. हात भराभर वर गेले. त्याचा जरा उशिरा गेला, पण गेला.

जिन्यात मास्तरांनी विचारलं, "तुमचीही गेली का?"

खोटं बोलणं सोपं होतं. "माझी वाचली," बाई म्हणाल्या. "त्याने आधीच वगळली होती."

"वा!" मागून उतरणारे अध्यक्ष कडवट हसले. "म्हणजे शिष्टमंडळ आमचं आणि काम घरचं!"

आपण काय काय मागून पाहिलं, ते बाईंनी सांगितलं नाही. कुणी विश्वास ठेवला नसता. मास्तर कठड्याला धरून उभे होते. "मोठी पोरं उतरतील," ते स्वतःशीच म्हणाले. "लहानग्यांचं... बघू." पण बघण्यासारखं काही उरलं नव्हतं, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि बाईंनाही.

संध्याकाळी दिराची गाडी दाराशी थांबली. नवऱ्याने दार उघडलं.

"वहिनी आहे?"

"त्याला सांगा, झोपलीय म्हणून," बाई आतून म्हणाल्या. त्याला नीट ऐकू जाईल अशा आवाजात.

तो उंबऱ्यावरूनच मागे फिरला. मग गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. नवरा स्वयंपाकघरात आला तेव्हा बाई ओट्याला टेकून, पदराचा बोळा तोंडात कोंबून रडत होत्या.