तीन बोटांचा हात

"दोन बोटं घाला," साहेब म्हणाले. जसं काही भाजीत मीठच घालायचंय!

मी टाकसाळीत नाण्यांचे ठसे कोरते. एकवीस वर्षं झाली. यंदा संग्राहकांसाठी शुद्ध चांदीचं नाणं निघणार होतं आणि त्यावर कामगाराचा हात हवा होता. मी माझ्या ताईचा उजवा हात कोरला, तीन बोटांचा. उरलेली दोन इथल्याच दाबयंत्रात गेली. तेव्हापासून ताई पॅकिंगला बसते, आणि पाहुण्यांना दिसू नये म्हणून हातमोज्याच्या दोन रिकाम्या बोटांत कापूस भरते. तसा साहेबांचा तोंडी हुकूमच आहे.

"लोकांना वाटेल, नाणं चुकलंय," साहेब म्हणाले.

"चूक झालीच होती की! यंत्राला संरक्षक जाळी बसवा, जाळी बसवा, म्हणून ताईनं किती डोकं फोडलं होतं."

"तोंड आवरा. चारपर्यंत पाच बोटं झाली पाहिजेत. परवा पाहुण्यांसमोर पहिलं नाणं पाडायचंय."

काम अर्ध्या तासाचं. ठशात खोदलेलं नाण्यावर उठून दिसतं, आणि पोलाद अजून मऊ होतं. जेवणाच्या सुट्टीत ताईला सांगितलं, तर ती डबा बंद करत म्हणाली, "घाल गं बाई. माझ्यापायी तुझी नोकरी नको जायला. मला आता सवय झालीय."

सवय! मेली कसली सवय, कापूस कोंबायची? माझ्या अंगाची लाही लाही झाली. ठसा उचलला आणि तडक भट्टी गाठली.

"साहेबांची सही?" भट्टीवाल्या काकांनी विचारलं.

"कोरलाय मी, सही माझी."

ताईला त्या दिवशी यंत्रापासून काकांनीच सोडवलं होतं. त्यांनी भट्टीचं दार उघडलं. ठसा तापून लालबुंद झाला, मग तेलात चर्रकन बुडाला. पोलाद एकदा असं कडक झालं की कुणाच्या बापाची छिन्नी त्यावर चालत नाही.

चार वाजता साहेबांनी थयथयाट केला. नवा ठसा करायचा तर महिना जाणार.

"तुमची नोकरी गेली समजा!"

"समजले. पण नाणं तीन बोटांचंच पडणार."

तिसऱ्या दिवशी सकाळी, नोकरी गेली तरी, मी गेलेच. पहिलं नाणं पडलं. ताईनं ते डबीत बसवलं आणि कितीतरी वेळ बघत राहिली. मग तिनं हातमोजा काढला, कापसाचे दोन बोळे साहेबांच्या पुढ्यात ठेवले आणि उघड्या हातानं डबी पाहुण्यांपुढे धरली.

"नीट बघा," ताई म्हणाली. "हात माझा आहे."