सासुरवाडीला आलेला गवत्या

मित्रांनो, तुम्ही मला ओळखणार नाही. ताटात येतात ते रोहू आणि कटला, म्हणून त्यांची नावं तुम्हाला पाठ. मी त्यांचाच भाऊबंद, गवत्या मासा. आता म्हातारा झालोय. पाण्यातलं गवत आणि शेवाळ खाणं हा माझा धंदा, आणि सिन्नरजवळचं एक शेततळं हे माझं घर.

इथे मी काळी-पिवळी जीपमधून आलो. तेव्हा बोटाएवढा होतो. पाणी आणि हवा भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत आम्ही सगळी पिल्लं, आणि पिशवी तळ्याच्या मालकीणबाईंच्या, लंकाबाईंच्या मांडीवर.

"मावशी, कालवणाची सोय वाटतं?" शेजारच्या प्रवाशानं विचारलं.

"माळकरी हाय मी. हे कामाला चाललेत माझ्याकडं!"

काम मोठं होतं. तळ्यात शेवाळ माजलं होतं. ठिबकच्या नळ्या तुंबून द्राक्षवेली तहानेल्या राहत होत्या. लंकाबाईंचे यजमान वाल्मीकराव तळ्यात मोरचूद टाकायला निघाले होते. त्यानं शेवाळ मरतं, पण मासेही मरतात. लंकाबाईंनी छाटणीपर्यंत मुदत मागून घेतली.

पण त्या पडल्या मायाळू. दारी आलेला जीव उपाशी कसा ठेवायचा? सकाळी कणकेचे गोळे, दुपारी भाकरीचा कुस्करा, एकादशीला भगर. आम्ही फुगलो. शेवाळाकडे ढुंकून बघेना कुणी. आयतं मिळाल्यावर तुम्ही तरी बघाल का?

छाटणी आली. वाल्मीकराव मोरचुदाची पिशवी घेऊन काठावर उभे राहिले.

"अगं, हे तुझे कामगार का जावई? नुसते बसून खात्यात!"

लंकाबाईंनी पाण्यात पाहिलं. त्या दिसताच आम्ही सगळे तोंडं उघडून त्यांच्या पायाशी गोळा झालो होतो. मागे हिरवंगार शेवाळ तसंच डुलत होतं.

"अहो, त्यांची चूक नाय," त्या हळूच म्हणाल्या. "सासू मीच झाले. अमावस्येपर्यंत थांबा. आता कण टाकणार नाय."

दुसऱ्या दिवशी त्या आल्या, पण हात पदरात गुंडाळून. आम्ही वर येऊन पाणी घुसळलं. त्यांचे डोळे भरले.

"जा रे बाबांनो, तुमचं ताट तिकडं वाढलंय," त्या म्हणाल्या. तरी उठून गेल्या नाहीत, तिथेच बसून राहिल्या.

मला फार राग आला होता. पण भूक रागापेक्षा मोठी. उन्हं कलल्यावर मी शेवाळाचा एक पुंजका ओढला. आधी तुरट लागला, मग गोड. मित्रांनो, माझ्या जातीचं जेवण मी पहिल्यांदा चाखत होतो! मला बघून बाकीचेही तुटून पडले.

अमावस्येपर्यंत तळं नितळ झालं. वाल्मीकरावांनी नळ्या धुऊन मोटार चालू केली, आणि बागेच्या पार टोकाच्या वेलीखाली ओंजळ धरून बसले. आम्हाला ऐकू आली ती त्यांची आरोळीच.

"पडतंय! लंके, पाणी पडतंय गं!"

मोरचुदाची पिशवी आली तशी घरी गेली.

म्हणून सांगतो, मित्रांनो, पाण्यात औषध ओतण्याआधी खाली कोण राहतं ते बघा. आणि मायेनं पाव-बिस्किटं फेकण्याआधी, खालचा काय खातो तेही बघा. भेटायला मात्र जरूर या. लंकाबाई अजून रोज येतात, रिकाम्या हातानं. आणि आम्ही वर येतो, नुसतं त्यांना बघायला.