पाठीवर लाबास्तिदा

मी एक जर्सी बोलतेय. बास्केटबॉलची, बिनबाह्यांची, जांभळी, नऊ नंबरची. आधीच माफी मागते. कापडाला कुठली आलीय शाळा? ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, शब्दही साधेच येतील, तेवढं सांभाळून घ्या. जे झालं ते मात्र जसंच्या तसं सांगेन.

फिलिपिन्समधल्या लेयते बेटावरच्या एका छपाईच्या दुकानात आम्ही दहा बहिणी एकाच दुपारी जन्मलो. तापलेल्या यंत्राखाली दाबून आमच्यावर चित्रं आणि अक्षरं उमटवली. छातीवर आमच्या वस्तीचे काप, म्हणजे प्रमुख, ओस्मुंदो यांचं हसरं तोंड, कारण कापड त्यांनीच दिलं होतं. पाठीवर खेळणाऱ्याचं आडनाव. माझ्या पाठीवर आलं ‘लाबास्तिदा’. शिवलेलं नाव उसवता तरी येतं, हे कापडात मुरलेलं असतं.

मी ज्याच्या वाट्याला आले तो जेरोम लाबास्तिदा सतरा वर्षांचा होता. सातवीनंतर त्याची शाळा सुटली आणि तो नेस्तोरमामाबरोबर होडीवर जाऊ लागला. चार माणसांत बोलायची वेळ आली की याची मान खाली. मला हातात घेतलं तेव्हा त्याने आधी वास घेतला. मग पाठीवरच्या एकेका अक्षरावरून बोट फिरवलं आणि कुणी पाहिलं नाही ना, म्हणून इकडेतिकडे बघितलं.

त्याच्या मनात काय होतं, ते त्याने फक्त आईला सांगितलं होतं. गावजत्रेच्या फायनलला मोठ्या गावातल्या हायस्कूलचे क्रीडाशिक्षक येतात. दोन पोरं निवडून नेतात. वय बघत नाहीत, फी घेत नाहीत, राहायला जागा देतात. जेरोमला परत शाळेत जायचं होतं. दुसरा रस्ता त्याला ठाऊक नव्हता.

पण फायनल कुठली! सहा सामन्यांत आमची पोरं चार हरली. लोक पत्र्याच्या छपराखाली बसून ओरडायचे, “अरे, मासळीचं जाळं लावा त्या रिंगला, तरच काहीतरी हाती लागेल!” तरी आम्ही सेमीफायनलला पोहोचलो, कारण आमच्या गटात आमच्याहून वाईट संघ होते.

आमचे कोच तेर्यो होड्या बांधायचे; वडीलधारे म्हणून सगळे त्यांना मानाने ‘नोंग’ म्हणायचे. सामना झाला की दहाही जर्सी घरी नेऊन अर्धवट होडीशेजारी दोरीवर वाळत टाकायचे. तिथेच एका सकाळी काप ओस्मुंदो तणतणत आले.

“तेर्यो, हा संघ आहे की खुराड्यातली कोंबडी? माझं तोंड आहे रे त्यांच्या छातीवर! दर शनिवारी माझंच तोंड हरताना बघायचं मी?”

“पोरं आहेत, काप. एक फळी गळली म्हणून कुणी होडी फोडतं का?”

“एक? पाच गळतायत!”

“गळत नाहीत. मीच चुकीच्या जागी ठोकल्यात.” नोंग तेर्योंनी पटाशी खाली ठेवली. “जेरोम उंच, म्हणून मी त्याला रिंगखाली उभा केला. तिथे तो गोंधळतो. त्याला मैदान दिसतं, काप. कोण मोकळा आहे ते त्याला सगळ्यांआधी दिसतं. चेंडू त्याने पुढे न्यायचा आणि बुटक्या पाओने कोपऱ्यातून मारायचा. एवढंच बदलू. गेल्या सामन्यात शेवटची दहा मिनिटं करून पाहिलं ना? गेल्या वर्षीच्या विजेत्यांशी फक्त चार गुणांनी हरलो.”

“चार गुणांनी हरलेला आणि चाळीस गुणांनी हरलेला, दोघं घरीच जातात. मी शहरातून पाच जण आणतोय. कॉलेजात खेळणारे.”

“यादी कधीच बंद झालीय. नवं नाव घालता येत नाही.”

काप हसले. माझ्या छातीवर हसतात तसेच. “नवं नाव घालतंय कोण? नावं हीच. माणसं तेवढी दुसरी.”

इकडे हे चालतं. सगळ्यांना ठाऊक असतं आणि पकडलं जाईपर्यंत सगळे हसतात. नोंग तेर्यो दोन दिवस अडून बसले. मग समजलं की ते पाच जण एकाच दिवसासाठी येणार आहेत. फायनलच्या दिवशी त्यांचा स्वतःचा सामना आहे. तिथे म्हाताऱ्याचा पाय घसरला.

“डोंग,” ते जेरोमला म्हणाले. इकडे लहान पोराला मायेने असंच म्हणतात. “सेमीफायनल त्यांना जिंकू दे. फायनलला तूच. चेंडू तुझ्या हातात, मास्तर समोर बसलेले. नाहीतर आपण परवाच घरी.”

जेरोम म्हणाला, “तुम्ही म्हणाल तसं, नोंग.”

आणि त्याने मला तिथल्या तिथे अंगातून काढून दिलं.

माझ्यात घुसला तो शहरातून आणलेला डेक्स्टर. सहा फूट तीन इंच. काखेजवळची माझी शिवण पहिल्याच उडीला उसवली. पण खेळला मात्र वाघासारखा. प्रत्येक बास्केटला माइकवाला ओरडायचा, “लाबास्तिदाऽऽऽ!” जेरोमची आई मेलिता सुक्या मासळीची टोपली घेऊन कोर्टाच्या कडेला बसली होती. नाव ऐकलं की तिची मान वर यायची, आणि मला बघून लगेच खाली जायची. जेरोम सगळ्यात वरच्या पायरीवर होता.

डेक्स्टरचे सत्तावीस गुण झाले तेव्हा समोरच्या संघाची कोच, सोलेदाद नावाची दणकट बाई, थेट कोर्टात शिरली.

“थांबवा! हा लाबास्तिदा असेल तर मी या जत्रेची राणी!”

“राणीच आहात, बाई, बसा!” माइकवाला म्हणाला आणि छपराखाली हशा पिकला.

पण रेफरीने शिट्टी मारली. आता गप्प बसायचं सोडून काप ओस्मुंदो पुढे झाले. आपण फार हुशार आहोत असं ज्याला वाटतं, तो नेमका अशा वेळी बोलतो. “संशय कशाला? त्याची आई इथेच बसलीय. तिलाच विचारा!”

मेलिताला उठवून कोर्टात आणलं. येता येता काप तिच्या कानाशी म्हणाले, “नाही म्हणालीस तर दहाही पोरं दोन वर्षं बाहेर. तुझा धरून.”

मेलिताने वरच्या पायरीकडे बघितलं. जेरोमची मान खाली होती. मग तिने टाचा उंचावून डेक्स्टरच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात माझ्यावरच होता.

“माझाच आहे.”

“नाव काय?” रेफरीने विचारलं.

“जेरोम.”

“आणि एवढा उंच कुणावर गेला हो?” माइकवाल्याला राहवलं नाही.

“भात फार खातो,” मेलिता म्हणाली.

सगळं छप्पर हसलं. रेफरीने डेक्स्टरचा चेहरा नीट निरखला आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं. सामना आम्ही जिंकलो.

घरी मेलिता माझी शिवण घालायला बसली. सुई दोनदा तिच्याच बोटात गेली.

“मा, बरं केलंस तू,” जेरोम दारातून म्हणाला.

“गप. ताट घे आणि जेव.”

तो जेवला. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

फायनलच्या दिवशी मी पुन्हा त्याच्या अंगात होते. पहिल्या ओळीत हायस्कूलचे मास्तर मांडीवर वही ठेवून बसले होते. पाओ, बाकीचे तिघे आणि जेरोम रांगेत उभे राहिले. कालचाच रेफरी चेहरे बघत पुढे आला. चौघांना त्याने सोडलं, कारण काल त्या जर्सींतल्या चेहऱ्यांकडे कुणी निरखून पाहिलंच नव्हतं. माझ्यापाशी तो थांबला.

“तू कोण?”

“लाबास्तिदा, सर.”

“लाबास्तिदाला मी काल पाहिलाय. त्याच्या आईने त्याला हात लावून दाखवलाय. तू कोण?”

मेलिता टोपली लवंडून धावत आली. “सर, हाच माझा! देवाशप्पथ, हाच!”

“बाई, काल तो, आज हा. उद्या कुणाला आणाल?”

परत तोच हशा. मी खूप ओरडले. कापड ओरडलं तर कुणाला ऐकू जातं? माझ्या पाठीवर ठसठशीत लिहिलेलं होतं, आणि आत पोरगाही तोच होता. पण आज माझ्या शब्दाला काही किंमत उरली नव्हती. काल दुसऱ्याच्या अंगावर तेच नाव मिरवून मी खोटं बोलले होते.

नोंग तेर्यो पुढे आले. खरं सांगायला ते तोंड उघडणार, एवढ्यात जेरोमने त्यांचा दंड धरला. खरं सांगितलं असतं तर सेमीफायनल रद्द, संघ बाद, आणि पाओसकट चौघं मास्तरांसमोर उभी राहायच्या आतच घरी. त्याला मैदान दिसायचं. हेही त्याला सगळ्यांआधी दिसलं.

“मी लाबास्तिदा नाही, सर,” तो म्हणाला. “चुकून घातली.”

चार माणसांत तो इतक्या स्पष्ट आवाजात कधी बोलला नव्हता.

त्याने मला काढलं, घडी घातली आणि बाकड्यावर ठेवलं. मेलिता खाली बसून सांडलेली मासळी वेचत होती. तो उघड्या अंगाने गेला आणि तिच्याबरोबर वेचू लागला.

सामना आम्ही हरलो. चेंडू पुढे नेणारं कुणी नव्हतं. बाकड्यावर माझ्या छातीवरचे काप वर तोंड करून हसत होते. मास्तरांनी पाओ आणि आणखी एकाला निवडलं.

संध्याकाळी नोंग तेर्यो मला घेऊन दाराशी आले. आत आले नाहीत. “डोंग, माझं चुकलं,” एवढंच म्हणाले. जेरोम म्हणाला, “बसा, नोंग. भात आहे.” ते बसले नाहीत.

माझं एक मागणं आहे. तुमच्याकडेही कुठे कोवळ्या पोरांचा संघ असेल. हरत असेल, लोक हसत असतील. कुणाची जागा बदलायची तर बदला. कुणाला खाली बसवायचं तर समोर बोलावून, त्याच्या नावाने हाक मारून बसवा. नवी पोरं आणायची वेळ आली तर तीही आणा, पण त्यांना त्यांची स्वतःची जर्सी द्या. आमच्या संघाला एवढंच हवं होतं की एकाने दोन पावलं बाहेर यावं आणि दुसऱ्याने कोपऱ्यात जावं. दहा मिनिटं ते आम्ही केलंही होतं. अजून चार सामने मिळाले असते तर काय झालं असतं, हे मला आता कधीच कळणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जेरोमने मला दोरीवरून काढलं, उलटं केलं, कापांचं तोंड आणि स्वतःचं नाव आत घेऊन अंगात घातलं, आणि मामाच्या होडीला पाण्यात ढकलायला खांदा लावला.